पांगरचुल्ला : एप्रिलच्या बर्फावर चढताना

परीक्षा संपतात, रजा मंजूर होतात आणि एप्रिलमध्ये मुंबई, पुणे, नाशिकहून सॅक पाठीला लावलेली मंडळी हरिद्वारच्या गाडीत बसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं केदारकंठ आधीच झालेलं असतं आणि आता त्यांना थोडं अवघड काहीतरी हवं असतं. अशांच्या कानावर हमखास येणारं एक नाव म्हणजे पांगरचुल्ला. चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, क्वारी खिंडीच्या शेजारी उभं असलेलं हे शिखर सुमारे ४,६०० मीटर, म्हणजे १५ हजार फूट उंच आहे. त्यासाठी कातळारोहण यावं लागत नाही. दम असलेला माणूस चालत माथ्यावर पोहोचू शकतो. मात्र एप्रिलमध्ये वाटेचा वरचा सगळा भाग हिवाळ्यातून मागे उरलेल्या बर्फाखाली असतो. हा उरलेला बर्फ कसा वागतो हे कळलं, तर हा ट्रेक आयुष्यभर लक्षात राहावा इतका सुंदर आहे. ते न कळता गेलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि एकदा स्वतः भोगलेही आहेत.

माझ्या पहिल्या खेपेला आम्ही पहाटे अडीचला निघायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तंबू सोडला तो पावणेपाचला. एकाचे हातमोजे सापडेनात, दुसऱ्याला चहा आणखी एकदा हवा होता, आणि ‘उजेडात चालणं बरं’ असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. शिखर गाठलं, फोटो काढले. उतरताना साडेबाराच्या सुमारास मोठ्या खडकांच्या टप्प्यात आलो आणि सकाळी ज्या बर्फावर पाऊलही उमटत नव्हतं, तिथे मांडीपर्यंत पाय जाऊ लागले. एका मैत्रिणीचा पाय दोन खडकांमधल्या फटीत अडकला. तो मोकळा करायला वीस मिनिटं गेली आणि गुडघा पिरगळला तो पिरगळलाच. एरवी दोन तासांत उतरून होणारी ती वाट आम्हाला अंधार पडेपर्यंत पुरली. चूक एकच होती : निघायला झालेला सव्वादोन तासांचा उशीर.

एक उतार, तीन बर्फ

वसंतातला बर्फ रोज रात्री गोठतो आणि रोज दिवसा वितळतो. आकाश निरभ्र असलं की बर्फाच्या पृष्ठभागातली उष्णता रात्रभर वर निघून जाते. मग हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरीही वरचा थर गोठून टणक होतो. पहाटे तीनला त्यावर चालताना फरशीवर चालल्यासारखा आवाज येतो. सूर्य अंगावर आला की तासाभरात वरचे दोन-चार सेंटिमीटर मऊ पडतात, बूट छान रुतून बसतो. पर्वतात चालायला यापेक्षा सुखाची वेळ नाही. पण ती फार टिकत नाही. दहाच्या पुढे पाऊल घोट्यापर्यंत जाऊ लागतं, अकरा-बारापर्यंत गुडघ्यापर्यंत. पाणी आतल्या थरांत मुरतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि तीव्र उतारावरचा ओला बर्फ आपल्याच वजनाने खाली येऊ शकतो.

उन्हाळ्यात सह्याद्रीतही आपण अंधारात निघतो, पण ते ऊन टाळायला. तिथे उशीर झाला तर घाम जास्त जातो, पाणी जास्त लागतं. इथे उशीर झाला तर पायाखालचा उतारच बदललेला असतो. म्हणून पांगरचुल्लाच्या तयारीत मी बुटांच्याही आधी घड्याळाचा विचार करायला सांगतो.

वेळापत्रक साधारण असं हवं. शिखराआधीचा शेवटचा मुक्काम असलेल्या खुल्लाराच्या तळावरून पहाटे दोन ते अडीचच्या दरम्यान निघणं, उजाडेपर्यंत खालचे लांब उतार मागे टाकणं, नऊपर्यंत माथा. दहाला, माथा कितीही जवळ दिसत असला तरी, परत फिरणं. बाराच्या आत खडकांचा टप्पा ओलांडून खाली. परत फिरण्याची ही वेळ आदल्या संध्याकाळी, पोटात गरम जेवण आणि डोकं शांत असताना सगळ्यांसमोर ठरवा. १५ हजार फुटांवर, माथा दोनशे मीटरवर दिसत असताना, कोणाचाच निर्णय शहाणपणाचा नसतो.

आमच्यासोबत ढाक गावचा एक वाटाड्या असे. सगळे त्याला भैजी म्हणत. गढवालीत थोरल्या भावाला भैजी म्हणतात. रात्री जेवणं झाली की तो तंबूबाहेर जाऊन नुसता आकाशाकडे बघायचा. चांदण्या लखलखीत असल्या तर ‘चलेंगे’ एवढंच म्हणायचा. ढग असले तर काहीच बोलायचा नाही. मला त्याचं कारण फार उशिरा उमगलं. ढगांचं पांघरूण असलं की बर्फातली उष्णता बाहेर जात नाही, वरचा थर नीट गोठत नाही, आणि मग पहाटे निघूनही पाय रुततच राहतात. अशा दिवशी आणि ताजा बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस शिखराचा नाद सोडावा. क्वारी खिंडीपर्यंतचा फेरफटकाही काही कमी नाही. तिथल्या बुग्यालावरून, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणावरून, हिमशिखरांची जी रांग दिसते ती पाहायला लोक वर्षानुवर्षं येत आहेत.

वाट

जोशीमठपासून तपोवनच्या रस्त्याला ढाक गाव लागतं. तिथून पायवाट बांज (ओक) आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून गुलिंगला आणि पुढे खुल्लाराला चढते. एप्रिलमध्ये बुरांश लालभडक फुललेला असतो. समोर ७,०६६ मीटर उंचीचं द्रोणागिरी शिखर जवळजवळ सगळ्या मुक्कामांवर सोबत करतं. त्याच्या पायथ्याला याच नावाचं गाव आहे. संजीवनीसाठी पर्वत नेला म्हणून तिथले लोक आजही हनुमानाची पूजा करत नाहीत.

खुल्लारा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. म्हणजे शिखराच्या दिवशी एका दमात सुमारे १,२०० मीटर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. बारी गावातून कळसूबाई चढताना जेवढी उंची गाठावी लागते, त्याहून ही जास्त आहे, आणि इथे माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांहून कमी असतो. खालचा भाग बुग्याल आणि झाडीचा. मग एक लांब धार लागते. (सह्याद्रीत आपण जिला धार म्हणतो तिलाच गढवालीतही धार म्हणतात. वाटाड्याशी बोलताना या एका शब्दाने किती तरी काम सोपं होतं.) धारेनंतर मोठमोठ्या खडकांचा पसारा येतो, आणि शेवटी माथ्याखालचा उभा चढ.

खडकांचा हा टप्पा नीट समजून घ्या, कारण जास्तीत जास्त दुखापती इथेच होतात. जूनमध्ये गेलात तर हे खडक उघडे असतात, उड्या मारत जाता येतं. एप्रिलमध्ये त्यांवर बर्फाची सलग चादर दिसते. ती सलग नसते. काळा खडक ऊन पितो, गरम होतो आणि आपल्या भोवतालचा बर्फ आतून वितळवतो. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खडकाच्या कडेने पोकळी असते. म्हणून बर्फातून डोकावणाऱ्या खडकाच्या लगत पाऊल टाकू नका. एक तर थेट खडकावर टाका, नाही तर त्याच्यापासून हातभर लांब. झाडांच्या बुंध्यांभोवतीही अशीच पोकळी असते. पाय आत गेलाच तर हिसका मारून ओढू नका. गुडघा तिथेच दुखावतो. वजन दुसऱ्या पायावर आणि काठीवर घ्या, हाताने किंवा काठीने भोवतालचा बर्फ उकरा आणि मग पाय वर काढा. ओढ्यांवरचे बर्फाचे पूलही असेच फसवे असतात. खाली पाण्याचा आवाज येत असेल तर आधी वाटाड्याला जाऊ द्या, मग एकेकाने जा.

पाय कसे टाकायचे

घसाऱ्यावर चालायची सवय असलेल्या सह्याद्रीतल्या ट्रेकरला बर्फ लवकर जमतो, असा माझा अनुभव आहे. फक्त एक सवय मोडावी लागते. घसाऱ्यावर भीती वाटली की आपण मागे रेलतो आणि बसतो. बर्फावर मागे रेललं की पाय पुढे निसटतो.

चढताना बुटाचा चवडा बर्फात दोन-तीनदा मारून पायरी करा. पायरी किंचित आत कललेली हवी, म्हणजे पाय बाहेर घसरत नाही. पुढच्याने केलेल्या पायऱ्यांतच पाय टाका आणि त्या मोडू नका. मागे अजून दहा जण असतात. आडवं जाताना बुटाची वरच्या उताराकडची कड बर्फात रोवा. उतरताना तोंड दरीकडे, गुडघा जवळजवळ ताठ, अंगाचं वजन टाचेवर, आणि टाच ठामपणे बर्फात. पहिल्या चार पावलांना मन तयार होत नाही. पाचव्यापासून होतं.

बसून घसरत खाली येण्याचा मोह सगळ्यांना होतो. तळ डोळ्यांना दिसत असेल, मध्ये खडक नसेल, उतार शेवटी सपाट होत असेल आणि वाटाड्या हो म्हणाला असेल, तरच हे करा. पायाला लोखंडी दात लावलेले असताना कधीच नाही. एक दात बर्फात अडकला की घोटा मोडतो.

घसरलात तर स्वतःला थांबवता यायला हवं, आणि हे वाचून येत नाही. खुल्लाराला पोहोचल्यावर हातात एक दुपार असते. जवळच्या सौम्य, खाली सपाट होत जाणाऱ्या उतारावर वाटाड्याकडून हे शिकून घ्या आणि दहा वेळा करून पाहा. आइस अ‍ॅक्स असेल तर पालथं व्हायचं, तिचं टोक खांद्याजवळ बर्फात रोवायचं आणि अंगाचा भार त्यावर टाकायचा. नुसती काठी असेल तरी आधी पालथं व्हायचं आणि हात व पायाची बोटं बर्फात रोवून छाती वर उचलायची. जे करायचं ते पहिल्या दोन सेकंदांत, कारण कडक बर्फावर वेग फार लवकर वाढतो.

तीव्र उतार ओलांडताना घोळक्याने जाऊ नका. अंतर ठेवून, न थांबता, एकेकाने जा. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाला सर्वांत अनुकूल असतात. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा बर्फात लांब भेग गेली, तर त्या उतारावरून ताबडतोब बाजूला व्हा. धारेच्या टोकाला बर्फाचा छज्जा दरीकडे झुकलेला असतो. त्याच्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही.

सामान

घोट्यापर्यंत येणारे, पाणी न शिरणारे, जाड आणि ताठ तळाचे बूट लागतात. सह्याद्रीच्या कातळावर उत्तम पकड देणाऱ्या मऊ तळाच्या स्वस्त बुटांनी बर्फात पायरी करता येत नाही आणि ते तासाभरात भिजतात. बूट किमान दोन महिने आधी घेऊन वापरा. बुटावर चढवायची दातांची साखळी, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, पहाटेच्या कडक बर्फासाठी हवीच. भाड्याने देणारे तिलाच क्रॅम्पॉन म्हणतात, पण खरा क्रॅम्पॉन वेगळा. त्याचे दात लांब असतात आणि त्याला ताठ बूट लागतो. साखळी सौम्य ते मध्यम उतारापर्यंतच भरवशाची आहे. ओला बर्फ दातांत भरून गोळा तयार होतो, तो दर थोड्या वेळाने काठीने ठोकून पाडा. गुडघ्याखाली गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पायाला बांधायचं आवरण. हातमोजे दोन जोड, आतले लोकरीचे आणि वरचे पाणी न शिरणारे. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी ठेवा. ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणून उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. नळीवाली पिशवी पहाटे गोठते. खायला शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी, खजूर असं काही खिशात असू द्या. गुळाची चिक्की थंडीत दाताने तुटत नाही. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका. तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

आता डोळ्यांबद्दल, कारण यात फार हयगय होते. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे टोपी घालूनही डोळ्यांवर खालून मारा होतो. चष्मा नसेल तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. संध्याकाळी तंबूत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहू लागतं, उजेड सहन होत नाही. हे हिमांधत्व. एक-दोन दिवसांत बहुधा बरं होतं, पण तेवढा वेळ दुसऱ्याने हात धरून उतरवावं लागतं. अतिनील किरणं पूर्ण अडवणारा, बाजूनेही झाकलेला काळा चष्मा घ्या. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी त्यावर बसणारा गॉगल घ्या. ढग असले तरी तो काढू नका. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही लावा.

उंची आणि हवामान

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा जगभर मानला जाणारा नियम. गुलिंगचा मुक्काम गाळून थेट खुल्लारा गाठणारे कार्यक्रम एक दिवस वाचवतात आणि शिखराच्या पहाटे निम्मी तुकडी डोकेदुखीने तंबूत पडून राहते. डोकं दुखणं आणि त्यासोबत मळमळ, भूक न लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं म्हणजे उंचीचा त्रास. तो पूर्ण उतरेपर्यंत वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली न्यायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. आणि त्रास होत असेल तर लपवू नका. तरुण मुलं ‘ग्रुपचा खोळंबा नको’ म्हणून लपवतात. नेत्याने पहिल्याच रात्री सगळ्यांना सांगावं, की दुखणं सांगणाऱ्याला इथे कोणी नावं ठेवणार नाही.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमणं रोजचं आहे. त्यात वीज, गारा आणि बर्फ सगळंच येऊ शकतं. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर कर्नाटकातून गेलेल्या तुकडीला वादळाने गाठलं आणि ९ ट्रेकर दगावले. जून महिना होता, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे उन्हाळा. त्या उंचीवर भिजलेल्या माणसाला गारठून जायला फार वेळ लागत नाही. सोबतचा माणूस अडखळू लागला, बोलणं जड झालं, हातमोजे काढून फेकू लागला, तर त्याचे ओले कपडे बदला, त्याला वाऱ्याआड न्या, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी पाजा.

परदेशातून येणाऱ्या भाऊ-बहिणींसाठी एक सूचना. तिकडे सर्रास वापरलं जाणारं उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून अटकही झाली आहे. ते घरी ठेवा आणि वनखात्याच्या परवान्यावर सगळ्यांची नावं आहेत हे पाहा.

तयारीला तीन महिने द्या. आठवड्यातून चार दिवस जिने किंवा टेकडी, सुटीच्या दिवशी आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड दोनदा, शेवटच्या महिन्यात रात्री सुरू करून सकाळी संपणारा एखादा ट्रेक. बर्फाची सवय सह्याद्रीत होत नाही, म्हणून पांगरचुल्ला हा पहिला हिमालयीन ट्रेक नसावा असं माझं स्पष्ट मत आहे. आधी केदारकंठसारखा एखादा बर्फातला ट्रेक करा. वेळ आणि मन असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम करा. तिथे बर्फावर पाय कसा टाकायचा हे हाडात भिनतं.

आणि एप्रिलच्या तुकडीत नाव नोंदवण्याआधी आयोजकाला फोन करून विचारा : शिखराच्या दिवशी तळ किती वाजता सोडणार, परत फिरण्याची वेळ कोणती, आणि ती वेळ झाल्यावर शब्द कोणाचा चालणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत आणि तिसऱ्याचं एका माणसाच्या नावात मिळालं नाही, तर पैसे भरू नका.